पाठीवरची पांढरी फुली: 51वी हायलंड, नोंद चौथी

मागच्या नोंदीत पाचही फिगर प्रायमर मारून ठेवल्या होत्या. आता रंगकाम बरंचसं उरकलंय, पण मधल्या काळात डायोरामाचं (छोट्या फिगरांच्या देखाव्याचं) तोंडच फिरलं. आता तो मागून बघायचा.

51वी हायलंड डिव्हिजन, म्हणजे ब्रिटिश सैन्यातली स्कॉटिश डिव्हिजन, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी किल्ट, त्यांचा तो घागऱ्यासारखा पोशाख, यायचा. गेल्या वर्षी पहिल्या महायुद्धातल्या बोमाँ-हॅमेलच्या लढाईचा, म्हणजे नोव्हेंबर 1916चा, सीफोर्थ हायलँडर (सीफोर्थ या स्कॉटिश रेजिमेंटचा शिपाई) रंगवला तेव्हा टार्टनने, म्हणजे किल्टच्या चौकड्यांनी, तीन आठवडे खाल्ले. गडद हिरवा-निळा, त्यावर पांढरी आणि लाल रेघ. एवढं करून पुढचा भाग खाकी एप्रनखाली झाकला, कारण लढाईत किल्टवर एप्रन चढवायचे. सीफोर्थच का, असं काहींनी विचारलं होतं. त्यांची 1/4 (हा बटालियनचा क्रमांक, पाव नव्हे) ही बटालियन डिसेंबर 1914पासून आपल्या मेरठ डिव्हिजनच्या डेहराडून ब्रिगेडमध्ये होती, गुरख्यांच्या शेजारी. 51व्यात ती आली 1916च्या सुरुवातीला. तेव्हा डिव्हिजनच्या ‘एचडी’ (हायलंड डिव्हिजन) या खुणेवरून, सेनापती हार्परच्या नावाने, लोक तिला ‘हार्पर्स डड्स’, म्हणजे ‘हार्परचे फुसके बार’ म्हणायचे! बोमाँ-हॅमेल घेतल्यावर हा टोमणा मारणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

या वेळचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला, 23 ऑक्टोबर 1942च्या रात्रीचा, इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईचा. वाळवंट असल्याने सगळे हाफपँटीत, डोक्यावर परात उपडी घातल्यासारखं हेल्मेट. समोरून पाहिलं तर ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीतला कुठलाही गडी. स्कॉटिशपणा दिसतो तो पाठीवर. धुळीत आणि अंधारात मागच्यांना पुढचे ओळखू यावेत म्हणून पॅकवर पांढऱ्या कापडाची फुली लावली होती, म्हणजे स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा सेंट अँड्र्यूचा क्रॉस. हे कळल्यावर चेहऱ्यांवर घालवलेले दोन रविवार पाण्यात गेले. डोळ्यांची बुबुळं काढली होती हो!

फुली आधी सरळ पांढऱ्या रंगाने काढली. ती मैदानावर फक्कीने आखल्यासारखी दिसायला लागली. खरवडून काढली. मग बुटांच्या खोक्यातला पातळ कागद दीड मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापला, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवला आणि चिमट्याने पॅकवर बसवला. एक टोक मुद्दाम सुटं ठेवलं. वर मातकट वॉश (पातळ रंगाचा हात). आता कापड वाटतंय. मॅट वार्निश मात्र भर जुलैत मारलं आणि दमट हवेने दोन फिगरांवर पांढुरकी साय धरली. पावसाळ्यात वार्निश मारू नये हे मीच इथे दोनदा लिहिलंय.

दुसरी अडचण अंतराची. ही माणसं घोळक्याने धावत नव्हती, अंतर ठेवून रांगेत चालत होती. पाच यार्ड धरले तर 1:35 या माझ्या स्केलमध्ये 13 सेंटिमीटर होतात. माझा बेस 30चा. म्हणजे पुढच्या रांगेत तिघे, मागे पाइपर (बॅगपाइप वाजवणारा), आणि पाचवा परत डब्यात. बेस आधी रिकामा वाटला, पण दोन दिवसांनी तो रिकामेपणाच आवडायला लागला. वाळू चहाच्या गाळणीतून चाळलेली आहे.

उजेडासाठी पंचांग कामाला आलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, आणि तीही आश्विनातली. आपल्याकडे कोजागिरीचं दूध आटत असणार आणि तिकडे 9:40ला शेकडो तोफा एकदम सुटल्या. म्हणून हेल्मेट आणि खांद्यांवर वरून फिकट निळसर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), खाली सगळं राखाडी.

पाइपर ब्लॅक वॉच या स्कॉटिश रेजिमेंटचा. बॅगपाइपची पिशवी पुट्टीची, डाव्या काखेत. तिन्ही ड्रोन, म्हणजे पिशवीच्या वरच्या नळ्या, स्प्रू (किटमधल्या प्लास्टिकच्या काड्या) मेणबत्तीवर ताणून केले, त्यातला एक रोज तुटतो. पुढे जे मोर्चे घ्यायचे होते त्यांना स्कॉटलंडमधली नावं दिली होती: अ‍ॅबर्डीन, स्टर्लिंग, नेर्न. वाळूत ना गाव ना झाड, पण ‘स्टर्लिंगला पोचायचंय’ म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी येत असेल. डिव्हिजनचा सेनापती विम्बर्ली या बाबतीत हट्टी माणूस, त्याला ‘टार्टन टॅम’च म्हणत.

हट्टाला कारणही होतं. जुनी 51वी 12 जून 1940ला फ्रान्समध्ये साँ-व्हालेरी-आँ-कोला रोमेलला शरण गेली होती, दहा हजारांवर माणसं कैदेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 9व्या हायलंड डिव्हिजनला तिचा नंबर देऊन ही नवी उभी केली. तेव्हा कैद झालेला टॉमस रेनी निसटला आणि सप्टेंबर 1944मध्ये याच डिव्हिजनचा सेनापती म्हणून साँ-व्हालेरी सोडवायला परतला. पुढचा डायोरामा तोच, पण तो नंतर.

सध्या प्रश्न असा, की बेसवर गाडी नाही, त्यामुळे ‘एचडी’ लिहायला जागाच नाही. या पठ्ठ्यांनी वाटेत दिसेल तिथे ती अक्षरं रंगवली, इतकी की बाकीचे त्यांना ‘हायवे डेकोरेटर्स’, म्हणजे ‘रस्ते सजवणारे’ म्हणायचे. शेवटी बेसची मागची कड निळी केली आणि त्यावर लाल अक्षरं काढली. डी जरा तिरका झालाय. तसाच राहू देणार आहे.