टॅपेट

इथली दुपार म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. जेवण आटोपून बाबा बातम्या लावतात, त्या नीट ऐकू येत नाहीत म्हणून वैतागतात आणि मला फोन करतात. गेल्या शनिवारी फोन आला तेव्हा मी गराजमध्ये होतो. बॉनेट उघडं, इंजिन नुकतंच सुरू केलेलं. हात तेलकट होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून फेंडरवर ठेवला आणि म्हटलं, "बोला बाबा."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "टॅपेट वाजतायत का रे?"

बाबांना दारावरची बेल ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या आईने मोजायच्या. कानाचं यंत्र आणलंय, ते कपाटात सुखरूप आहे. आणि या माणसाला पुण्यात बसून अमेरिकेत शार्लटमधल्या माझ्या गराजात टॅपेट वाजतायत हे कळलं.

वाजत होतेच. माझी गाडी १९९५ सालची माझदा मियाटा. तिच्या इंजिनात व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट म्हणजे तेलाच्या दाबावर आपलं आपण अंतर जुळवून घेणारे लिफ्टर असतात. गाडी आठवडाभर उभी राहिली की त्यांच्यातलं तेल उतरतं आणि सुरू केल्यावर शिवणयंत्रासारखी टिकटिक लागते. पंधरा-वीस मिनिटं चालवली की बहुतेक वेळा थांबते. ही गाडी बाळगणाऱ्या कुणालाच त्या टिकटिकीचं फारसं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

गाडी घेतली त्याला आता दहा वर्षं होतील. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांनी गाडीच्या आधी एक वही दाखवली. तेल कधी बदललं, किती मैलांवर बदललं, टायमिंग बेल्ट कधी, प्लग कधी, सगळं एका हाताने, एका शाईने. साठ हजार मैलांवर बेल्ट बदलायचा असतो, तो त्यांनी अठ्ठावन्न हजारांवर बदलला होता. (या इंजिनाचा बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती रस्त्यात थांबते. म्हणजे इतकी घाई करायचं कारण नव्हतं.) बाबांचीही अशी वही होती, बँकेच्या जुन्या डायरीत. पेट्रोल किती लिटर, काटा किती, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज, दोन दशांश स्थळांपर्यंत. मी गाडी विकत घेतली असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मी वही घेतली, गाडी तिच्याबरोबर आली.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तसली ही नाही. १२८ घोडे. समोरच्या घरातल्या आजी किराणा आणायला जी गाडी नेतात तिच्यात दोनशेच्या वर आहेत, आणि सिग्नल हिरवा झाला की त्या मला मागे टाकून निघून जातात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मियाटा पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि त्याच वर्षी १३,८०० डॉलरला विकायला लागली. दोन सीट, उघडा टप, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ. असल्या छोट्या उघड्या गाड्यांचा नाद मुळात इंग्रजांचा, पण त्यांच्या गाड्या वरून पावसाने आणि खालून तेलाने गळायच्या. हिरोशिमाच्या, म्हणजे माझदाच्या, लोकांनी तोच नाद न गळता करून दाखवला. २०१६ साली तिथल्या कारखान्यातून दहा लाखावी बाहेर पडली.

ती बनवणाऱ्यांचा एक लाडका शब्द आहे, जिनबा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे याला मांड बसणं म्हणतात आणि त्याचं एवढं कौतुक करत नाहीत. मला तर हिच्याकडे बघून अरबी घोडा कधीच आठवला नाही, भीमथडीचं तट्टू आठवतं. बुटकं, हलकं, फार खात नाही, दिसायला कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि घाटात सोडलं की बघून घ्यावं.

हिची दुखणी ठरलेली आहेत. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर मधूनच गळायला लागतो आणि पेडल जमिनीला टेकतं. टपाची मागची काच काच नसून प्लॅस्टिक आहे. थंडीत घडी घातली तर तडकते, उन्हात पिवळी पडते, टप खाली करायच्या आधी तिची चेन उघडून ती आडवी करावी लागते. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि तिचीही करायची काही इच्छा नाही. मिटलेले दिवे उघडणाऱ्या मोटरीवर हाताने फिरवायची एक गोल चकती असते. एकदा उजवा दिवा उघडलाच नाही, तेव्हा भर पावसात बॉनेट उघडून मी तो फिरवून फिरवून जागा केला. मुलगी आत बसून हसत होती. ती गाडीला बेडूक म्हणते.

सगळ्यात कटकटीचं काम पाण्याचं. टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन बाजूंच्या दोन भोकांतून खाली उतरतं. त्या भोकांत पानं, पाइनच्या सुया, धूळ अडकली की पाणी आत तुंबतं आणि दारांखालचा पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग झकास दिसतो आणि एक दिवस बोट लावलं की आरपार. म्हणून पानगळीच्या आधी आणि नंतर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घेऊन ती भोकं साफ करायची. शनिवारी मी तेच करणार होतो. गावी मे महिना संपता संपता आजोबा शिडी लावून कौलं चाळायला चढायचे, तेव्हा खालून फुटकी कौलं झेलायचं आणि पन्हळीतला पाचोळा टोपलीत भरायचं काम माझं. पावसाच्या आधीचा तो वास होता, सुक्या शेवाळाचा आणि चिमण्यांच्या घरट्यांचा. मियाटाच्या पन्हळीला तसला वास येत नाही. तरी मी दरवेळी नाक जवळ नेतोच.

आणि हे सगळं करायला फडकं लागतं. फडकं म्हणजे जुनं बनियन. दुकानात निळ्या कागदाचे रोल मिळतात, मऊ पिवळी कापडं मिळतात, घरात दोन्ही आहेत. पण ऑइलची काडी मी बनियननेच पुसतो. टी-शर्ट चालत नाही. सात-आठ वर्षं अंगावर धुऊन धुऊन विरलेलं, खांद्यावर भोक पडलेलं बनियन जेवढं तेल पितं तेवढं कोरं कापड पीत नाही. यावर आमच्या घरात वाद झालेले आहेत आणि ते मी हरलेलो आहे. बनियनं अजून गराजातच आहेत.

बाबांनी १९८६ साली सेकंड हँड फियाट घेतली होती. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली, पण तिला पद्मिनी म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग, म्हणजे पुढे तीन, मागे चार मोठी आणि त्यांच्या मांडीवर असतील नसतील तेवढी पोरं. मे महिन्यात पुण्याहून गावी निघालो की कात्रजपर्यंत गाणी, शिरवळला उसाचा रस, आणि खंबाटकीच्या चढाला लागलं की सगळे चिडीचूप. बाबांची मान किंचित तिरकी. ते इंजिन ऐकत असायचे.

खामजाईच्या देवळाच्या अलीकडे कुठेतरी गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच त्याची वाफ झालेली असायची. मग उतारू खाली, चाकांना दगड, बॉनेट वर. बाबा डिकीतून फडकं काढायचे, कॅनमधल्या पाण्यात बुडवायचे आणि तापलेल्या पंपावर घालायचे. छर्र. दोन मिनिटांनी उलटवायचे, पुन्हा बुडवायचे. ते बनियन माझ्या ओळखीचं असायचं, कारण मागच्या वर्षीपर्यंत ते बाबांच्या अंगावर होतं. आजी रस्त्याकडेच्या सावलीत पथारी टाकून शेंगदाण्याचे लाडू काढायची. खालून ट्रक दम टाकत यायचे आणि त्यांचे क्लीनर आमच्याकडे बघून हसायचे. आत्या पुटपुटायची, एसटीने गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र मी तिथे जे पाहिलं ते त्यांच्या ऑफिसच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. लाज नव्हती, राग तर नव्हताच. काम सापडल्याचा चेहरा होता.

कॉलेजात असताना, नव्वदचं दशक संपता संपता, सॅन स्टॉर्म नावाची गाडी निघाली. गोव्यात बनायची. दोन सीट, उघडा टप, फायबरची बॉडी, फ्रेंच इंजिन. पुण्यात एकदा फर्ग्युसन रस्त्यावर एक पिवळी उभी दिसली. मी आणि मित्र तिच्याभोवती पाऊण तास घुटमळलो, चहा तिच्या समोरच उभ्याने प्यालो. घरी येऊन जेवताना मी तिचं वर्णन केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, ताक संपवलं आणि एकच विचारलं, "मागे कोण बसणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आताही नाही. गाडी म्हणजे आजीला डॉक्टरकडे न्यायला, लग्नाला सात जणांनी जायला, पाडव्याला शेजाऱ्यांना एक फेरी मारायला. दोनच सीट करून बाकीच्यांना घरी ठेवायचं यात काहीतरी शिष्टपणा आहे असं मलाही मनातून वाटतं. म्हणूनच की काय, दसऱ्याला झेंडूचा हार घालताना मी मियाटाला घरातल्या दुसऱ्या गाडीपेक्षा जरा लहान हार घालतो. नारळ आणि चाकांखालची लिंबं दोन्ही गाड्यांना सारखी.

पण ऑक्टोबरात ब्लू रिज पार्कवेवर टप उघडून जावं. ४६९ मैलांचा रस्ता, ट्रकना बंदी, वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ मैल. एवढ्याच वेगात दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पुन्हा दुसऱ्यात, मेपलची पानं मांडीवर पडतायत, गाडी दमत नाही आणि तुम्ही कायदाही मोडत नाही. ताकदवान गाडीवाला इथे कुढत असतो. टेनेसीच्या सीमेवर ११ मैलांत ३१८ वळणांचा एक रस्ता आहे, तिथेही एकदा जाऊन आलो. त्याच्या तोंडाशी एक झाड आहे, त्यावर पडलेल्या मोटारसायकलींचे तुटके आरसे, हँडल, मडगार्ड लटकवलेले. लोक त्याला लाजेचं झाड म्हणतात. मला ते नवसाचं वाटलं. बांगड्या आणि पाळणे बांधतात ना, तसं.

आई-बाबा आले होते त्या उन्हाळ्यात दोघांना एकदम नेता येईना. आधी आई बसली. डोक्याला रुमाल घट्ट बांधला, पर्स पायांत धरली. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत म्हणाली, "लूनाचीच मजा आहे की रे. जरा महाग पडली एवढंच." मग बाबा. बसले आरामात, वाटेत अवाक्षर बोलले नाहीत, मान मात्र तिरकी. परत आल्यावर त्यांना उठता येईना. सीट जमिनीलगत आणि गुडघे सत्तरीतले. मी एका बाजूने आणि समोरच्या आजींचे यजमान दुसऱ्या बाजूने, असं करून त्यांना उपसून काढलं. उभे राहिल्यावर त्यांनी शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "गिअर छान पडतात." मागे कोण बसणार, हे या वेळी विचारलं नाही. जाताना डिकीत, स्टेपनीच्या बाजूला, दहा-बाराचा पाना ठेवून गेले. पुण्याहून सामानात आणला होता. फियाटचा.

तर शनिवारी. मी म्हटलं, "हो, वाजतायत. गार आहे म्हणून. होतील बंद."

"तेल बघितलंस?"

"बघितलं. काडीवर बरोबर आहे."

"कुठल्या नंबरचं घालतोस?"

सांगितलं. त्यावर त्यांनी ते तेल उन्हाळ्यात पातळ पडेल असं मत दिलं. मागून आई काहीतरी म्हणाली, बहुधा औषधाचं, ते त्यांना ऐकू आलं नाही. मला वाटलं या आवाजात त्यांना त्रास होत असेल, म्हणून वाकून किल्ली फिरवली. गराज एकदम शांत झालं.

"बंद का केलीस?" बाबा म्हणाले. "राहू दे की चालू."