बाहीवरच्या फिती

व्यक्तिचित्रणाच्या वर्गात मी दरवर्षी चित्रकार लेम्युएल ॲबटनं काढलेलं, ब्रिटिश आरमाराचा सेनानी होरेशियो नेल्सन याचं चित्र लावते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘इतकी मोठमोठी चित्रं सोडून या इंग्रज दर्यावर्दीचं हेच का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. त्याच्या उजव्या बाहीसाठी.

जुलै 1797 मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा रात्रीचा हल्ला फसला. किनाऱ्याला लागता लागताच नेल्सनच्या उजव्या दंडात गोळी शिरली, हाडाचा चुरा झाला, आणि ‘थिसियस’ जहाजावर त्याच रात्री हात कापावा लागला. भुलीचं औषध तेव्हा नव्हतंच. रक्तवाहिनी बांधलेला रेशमी दोरा काही दिवसांत सुटून यायचा, तो आतच अडकून बसला. डिसेंबर लागेपर्यंत ठणका थांबला नाही. प्रकृती मुळात तोळामासा. (पोरवयात तापानं खंगून 1776 मध्ये तो मायदेशी परतला, तो मुंबईहूनच.) रोजची पट्टी बदलायला त्याची बायको फॅनी शिकली. याच काळात ग्रिनिचला, आपला जुना कप्तान लॉकर याच्याकडे असताना, तो चित्रासाठी ॲबटसमोर बसला.

पट्टी करता यावी म्हणून कोटाची बाही उसवलेली आणि फितींनी बांधलेली. ॲबटनं त्या फिती तशाच रंगवल्या. चित्रात सेंट व्हिन्सेंटच्या लढाईचं सुवर्णपदक आहे, ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश सन्मानाचा तारा आहे. मुलांना मी सांगते, पदकांवर हात धरा आणि बघा. माणूस हलत नाही. आता बाही झाका. लगेच तो कुठलाही एक अधिकारी होतो. मिटलेले ओठ, ओढलेला चेहरा, 39 वर्षांच्या माणसाचे पांढुरके केस, या सगळ्याचा अर्थ त्या बाहीपाशी लागतो. हे चित्र 1798 च्या उन्हाळ्यात फॅनीच्या हाती आलं. नवरा समुद्रावर होता. हेच आता माझं सोबती, असं तिनं त्याला कळवलं.

पुढचं मात्र मला खटकतं. 1 ऑगस्ट 1798 ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच आरमाराशी झालेली नाईलची लढाई जिंकल्यावर नेल्सनचं नाव घरोघर झालं. तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सलीम यानं त्याला टोपीत खोवायचा हिऱ्यांचा तुरा दिला. ॲबटकडे चित्रांची मागणी वाढली, आणि त्याच जुन्या चेहऱ्यावरून त्यानं जवळपास चाळीस प्रती काढल्या. एका प्रतीत टोपी आली, तुराही आला. पण नेल्सन तेव्हा भूमध्य समुद्रात होता; तुरा लावलेला नेल्सन ॲबटनं पाहिलेलाच नव्हता. नाईलला कपाळावर झालेली जखमही त्या चेहऱ्यावर नाही. मानमरातब नवे, चेहरा ग्रिनिचचा!

ती जखम दिसते 1799 मध्ये इटलीत काढलेल्या, गुझार्डी या चित्रकाराच्या चित्रात. टोपी मागे सरकवलेली, गाल बसलेले, उजव्या डोळ्याच्या वर, कपाळावर व्रण. हे चित्र ॲबटइतकं सफाईदार नाही, चित्रकाराचा हातही कच्चा वाटतो, तरी मला ते जवळचं आहे. त्याच्या एका प्रतीत तर नंतर कुणीतरी व्रण आणि तुटलेली भुवई रंगानं बुजवून टाकली होती. अलीकडे चित्र साफ करताना ती पुन्हा वर आली.

म्हणून दुसऱ्या दिवशी गुझार्डीचं चित्र ॲबटच्या शेजारी लावते, आणि तुऱ्याची प्रत तिसऱ्या दिवशी.