साइनची किंमत उणे 10.91 कशी आली

भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाचीने फॉर्ट्रन या संगणकीय भाषेत लिहिलेला तिचा पहिलाच प्रोग्रॅम मला पाहायला पाठवला. क्ष हा कोन धरून, क्ष वजा क्षचा घन भागिले 3 चा फॅक्टोरियल (म्हणजे 1 गुणिले 2 गुणिले 3), अधिक क्षचा पाचवा घात भागिले 5 चा फॅक्टोरियल, अशी पदे मिळवत साइनची किंमत काढायची आणि ती फॉर्ट्रनच्या अंगभूत साइन फलाशी ताडून पाहायची, असा तो अभ्यास होता. “मामा, 0.1 ला जवळपास बरोबर येतं, पुढे बिघडतं,” असे तिने सोबत लिहिले होते.

0.1 रेडियनची खरी साइन 0.0998334 आहे आणि प्रोग्रॅम 0.1 दाखवत होता. मी तिला 0.5 आणि 1 देऊन पाहायला सांगितले, तेव्हा उत्तरेही 0.5 आणि 1 अशीच आली. म्हणजे प्रोग्रॅम दिलेली संख्याच परत करत होता; लहान कोनांची साइन मुळातच कोनाच्या जवळ असल्यामुळे ते लक्षात आले नव्हते. प्रत्येक पदात तिने 1 भागिले फॅक्टोरियल असे लिहिले होते आणि दोन्ही संख्या पूर्णांक होत्या. फॉर्ट्रनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांकाचा भाग गळून पडतो, त्यामुळे 1 भागिले 6 म्हणजे शून्य, आणि पहिले पद सोडून सगळी श्रेणी नाहीशी होते. उत्तर रिअल, म्हणजे दशांश संख्या ठेवणाऱ्या, चलात साठवले तरी उपयोग होत नाही, कारण भागाकार आधी होतो आणि रूपांतर नंतर.

ते दुरुस्त केल्यावर 1 ची साइन 0.841471 आली आणि तिला वाटले, काम झाले. मी 3 देऊन पाहायला सांगितले. दहा पदांची बेरीज सुमारे उणे 10.91 आली, आणि साइन तर उणे 1 च्या खाली कधी जातच नाही! मला स्वतःला या चुकीचा उलगडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या 32 बिटांच्या (म्हणजे 0 किंवा 1 अशा 32 द्विमान अंकांच्या) पूर्णांकात 2147483647 पर्यंतच संख्या मावते; 12 चा फॅक्टोरियल 479001600 असल्याने तो मावतो, परंतु 13 चा 6227020800 आहे. तो मावत नाही, वरचे बिट गळतात आणि 1932053504 ही भलतीच संख्या उरते, तीही कोणतीही सूचना न देता. 17 चा फॅक्टोरियल तर ऋण निघतो, आणि 34 पासून पुढचे सगळे चक्क शून्य होतात, कारण त्यांच्यात 2 हा अवयव किमान 32 वेळा असतो. क्ष 1 असताना ही बिघडलेली पदेही इतकी लहान राहतात की दहा पदांत काहीच दिसत नाही. क्ष 3 असताना मात्र 3 चा एकोणिसावा घात भागिले 19 चा तो खोटा फॅक्टोरियल हे एकच पद 10.6 इतके होते.

मोठा पूर्णांक वापरणे हा उपाय मला पटत नाही, कारण 64 बिटांतही 21 चा फॅक्टोरियल मावत नाही. खरे तर फॅक्टोरियलची गरजच नाही. मागच्या पदाला क्षच्या वर्गाने गुणावे, 2 गुणिले 3 ने, मग 4 गुणिले 5 ने, मग 6 गुणिले 7 ने भागत जावे आणि दर वेळी चिन्ह बदलावे. केरळच्या संगमग्राम माधवाची म्हणून जी ज्या-श्रेणी (ज्या म्हणजे साइन) परंपरेने सांगितली जाते, तिच्या श्लोकातली रीतही हीच आहे: आधीच्या फळाला चापाच्या, म्हणजे कंसाच्या लांबीच्या, वर्गाने गुणायचे आणि सम संख्येच्या वर्गात तीच संख्या मिळवून येणाऱ्या भाजकाने, त्रिज्येच्या वर्गासह, भागायचे. 2 चा वर्ग अधिक 2 म्हणजे 6, 4 चा वर्ग अधिक 4 म्हणजे 20. हे तिला सांगितल्यावर तिने ती ओळ स्वतःच लिहिली.

मग तिने हे सगळे एका फंक्शनमध्ये घातले आणि तक्ता छापला. 0.5 ची साइन 0.4794255 आली, परंतु पुढच्याच ओळीत 1 ची 1.320896 आली. ही त्या दोन्हींची बेरीज होती. बेरजेचा चल जाहीर करतानाच तिने त्याला शून्य किंमत दिली होती, आणि फॉर्ट्रनमध्ये असा चल आपोआप जतन होतो. शून्य फक्त आरंभी एकदा, पुढच्या प्रत्येक वेळी जुनी किंमत. शून्य करणारी ओळ वेगळी लिहिल्यावर तक्ता बरोबर आला.

शेवटी तिने हौसेने 30 देऊन पाहिले आणि उत्तर पुन्हा हास्यास्पद आले. या वेळी ओळींत चूक नव्हती. 30 साठी श्रेणीतले सर्वांत मोठे पद सुमारे 7.8 गुणिले 10 चा अकरावा घात इतके असते, आणि त्या आकाराला सिंगल प्रिसिजनमध्ये (32 बिटांत साठवलेल्या दशांश संख्यांत) शेजारच्या दोन संख्यांतच 65536 चे अंतर असते, तेव्हा उणे 0.988 हे उत्तर त्यातून हाती लागणार कसे? तिने आधी 30 मधून 2 पायच्या पटी वजा केल्या, कोन उणे पाय ते पाय यांच्या दरम्यान आणला आणि मग श्रेणी चालवली. उत्तर उणे 0.98803 आले.