४८ आकड्यांचं कुलूप

जुलैतली गोष्ट. चिपळूणच्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगी आली. सॅक चिंब भिजलेली, आत दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप. दापोलीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करते, आंब्यावरच्या फुलकिडीवर काम. दोन हंगामांच्या नोंदी त्यातच, आणि प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरलेले. आधीच्या दुकानात सांगितलं होतं, मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल, १८ हजार.

"पैशांचं बघू, काका. पण माझा डेटा?"

लॅपटॉप मेला म्हणून डेटा मरत नाही, हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. तिलाही सांगितलं. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी ड्राइव्ह, काढून माझ्या मशीनला जोडली, तर ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह. बिटलॉकर, विंडोजचं डेटाला लागणारं कुलूप! विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर हे आपोआप चालू होतं आणि ते उघडायची ४८ आकडी किल्ली, रिकव्हरी की, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. तिचं खातं कोणतं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने कुठला तरी मेल आयडी टाकून चालू करून दिला होता. ती रोज फक्त पिन टाकायची.

माझ्या पोटात गोळा आला. ती की मिळाली नाही, तर कुलूप उघडू शकणारा एकच होता, टीपीएम, मशीनमधला किल्ली जपणारा सुरक्षा-भाग. आणि तो याच बोर्डाशी, याच प्रोसेसरशी बांधलेला. बोर्ड बदलला असता तर लॅपटॉप सुरू झाला असता, नोंदी मात्र कायमच्या गेल्या असत्या. म्हणजे हाच बोर्ड जिवंत करायला हवा होता. २०२१ च्या पुरानंतर चिखलातून आलेले कितीतरी बोर्ड मी धुतले, जागवले. पण एवढी धास्ती कधी वाटली नव्हती.

बॅटरी सोडवली, मीटर घेतला. जॅकवर १९.५ व्होल्ट बरोबर येत होते. पहिल्या मॉसफेटपर्यंतही, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या पहिल्या भागापर्यंतही, होते. दुसऱ्याच्या पुढे शून्य. बोर्डभर वीज पोचवणारी मुख्य लाइन ग्राउंडशी मोजली, ०.३ ओहम. सरळ शॉर्ट.

आता खरी भीती प्रोसेसरची. त्याच्या सप्लायचा वरचा मॉसफेट शॉर्ट झाला असेल, तर एक-सव्वा व्होल्टच्या जागी १९ व्होल्ट प्रोसेसरमध्ये घुसतात, आणि मग काहीच उरत नाही. मुख्य लाइन आणि प्रोसेसरला वीज देणारी कॉइल यांच्यामध्ये मीटर धरला. चार ओहमच्या वर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले नव्हते. मी तिला म्हटलं, "अगं, बस जरा. चहा सांगतो."

डीसी सप्लाय एका व्होल्टवर ठेवला, करंट तीन अँपिअरला बांधला. जास्त व्होल्टेज देऊन शॉर्ट जाळून काढणारे आहेत; मला ते अजिबात पटत नाही, शेजारचं काय जळेल सांगता येत नाही. बोर्डावर आयपीए, झटकन उडणारं अल्कोहोल, शिंपडलं आणि सप्लाय लावला. शॉर्ट झालेला भाग तापतो, त्याच्यावरचं आधी उडतं. पंख्याच्या कडेला तिळाएवढ्या एका कपॅसिटरवरचं आयपीए बघता बघता उडालं. बाकी बोर्ड तसाच ओला. बोर्डाला बाक आला की या सिरॅमिक कपॅसिटरच्या आतले थर तडकतात. ती रोज भरलेल्या एसटीत सॅक पोटाशी दाबून उभी राहायची, हे तिने नंतर सांगितलं.

आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली, हॉट एअरने तो कपॅसिटर उचलला. लाइन परत मोजली, शंभर किलोओहमच्या वर. शॉर्ट गेला. स्क्रॅप बोर्डावरून १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा काढून बसवला. एसएसडी परत घातली. बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, मुद्दाम हात लावला नाही, तिथली सेटिंग बदलली तरी कुलूप ती ४८ आकडी की मागू शकतं.

बटण दाबलं. पंखा फिरला, बराच वेळ स्क्रीन काळीच. ती माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. निळा पडदा येऊन ४८ आकडे मागतो की काय, याचीच मी वाट बघत होतो.

पिनची चौकट आली.

तिने पिन टाकली, आणि डेस्कटॉपवर फुलकिडीचा फोल्डर दिसला. रडू आवरत तिने आधी एक्सेलची फाइल उघडून बघितली. मी लगेच सगळं दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून घेतलं. मग सेटिंगमधून रिकव्हरी की काढली, प्रिंट केली, आकडा आकडा तिच्याकडून वाचून घेतला.

कागदाची बारीक घडी करून तिने तो एसटीच्या पासामागे ठेवला आणि पाऊस थांबायची वाट न बघता दापोलीची गाडी गाठायला निघाली.