उजळाईवाडीचा क्यूएनएच: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नीट-जेईईच्या क्लासांच्या गर्दीत आम्ही पायलट ग्राउंड क्लासची पाटी लावली, तेव्हा आत येणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, ‘विमान कुठं ठेवलंय?’ उड्डाण शिकायला पोरं बारामतीला, शिरपूरला जातात. आम्ही डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, लेखी पेपरांची तयारी करून घेतो: नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला 70 टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळं प्रश्नसंच घोकून घेणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. आम्हाला ते पटत नाही.

2020 साली लॉकडाउन लागला आणि आम्ही ऑनलाइन झालो. सीआर-3 ही उड्डाणाची गणितं हातानं सोडवायची गोल चकती (फ्लाइट कॉम्प्युटर) शिकवायला फोन वरून टांगला, तर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी आकड्यांवर! शेवटी खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवून दिवसाउजेडी शूटिंग सुरू केलं.

फुकटचं साहित्य इंटरनेटवर रग्गड आहे. अमेरिकेचं विमान नियामक एफएए आपली मॅन्युअल्स मोफत देतं, आणि ती उत्तम आहेत. पण तेवढंच वाचून आलेला पोरगा अल्टिमीटरचं (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचं) स्टँडर्ड सेटिंग 29.92 इंच सांगतो. आपल्याकडे ते 1013 हेक्टापास्कल. त्यांची व्हिजिबिलिटी मैलांत, आपली मीटरमध्ये. त्यांची ट्रान्झिशन अल्टिट्यूड (वर चढताना जिथं स्टँडर्ड सेटिंग लावतात ती उंची) 18,000 फूट, आपली विमानतळागणिक वेगळी.

म्हणून आमचे धडे उजळाईवाडीवर, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, बेतलेले आहेत. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाचा दाब, लावला की जमिनीवर उभ्या विमानातही अल्टिमीटर 2,000च्या आसपास दाखवणार. ‘सर, विमान तर खालीच हाय की!’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि तिथंच क्यूएफई (जमिनीवर शून्य दाखवणारं सेटिंग) म्हणजे काय ते निम्मं समजलेलं असतं. धावपट्टी 07/25, म्हणजे एकीकडून 70 अंशांच्या दिशेची, दुसरीकडून 250च्या. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे बहुधा 25 वापरायची. वारा 280 अंशांवरून 12 नॉट असेल तर कोन 30 अंशांचा, क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, 6 नॉट. समजावतो मराठीतून, संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवतो, कारण पेपरात त्याच येतात.

शिरोळकडचे ऊसवाले पालक थेट विचारतात, ‘घरी सिम्युलेटर घेऊन दिला तर तास धरतात का?’ नाही धरत. सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्सच्या) 200 तासांसाठी विमानातच बसावं लागतं. सराव म्हणून सिम्युलेटर चांगला. आणि आमची फी भरण्याआधी क्लास 1 मेडिकलची, म्हणजे वैमानिकाला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीची, चौकशी करा, हे आम्ही फोनवरच सांगतो. त्यापायी काही प्रवेश गेले, जाऊ देत.

या धंद्यात माल शिळा होतो. 1 जानेवारी 2025 पासून 1934चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला, आरटीआरचं (विमानातल्या रेडिओवर बोलायच्या परवान्याचं) काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे गेलं. रेग्युलेशन्सचे कितीतरी व्हिडिओ पुन्हा काढावे लागले. जुन्या विद्यार्थ्यांना ते नवे व्हिडिओ फुकटच दिले. तोवर आमच्या जुन्या नोट्सची पीडीएफ फोनाफोनी फिरत होतीच. ती वाचून अभ्यास करणाऱ्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

सध्या संध्याकाळी आरटीआरचा सराव चालतो. एकजण टॉवर, बाकीचे विमानं. ‘थ्री’ला ‘ट्री’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणताना पहिला आठवडा नुसतं हसू. हवामानाच्या भागात आता रोजचे खरे मेटार (विमानतळांचे सांकेतिक हवामान अहवाल) घेऊन सोडवायचे धडे जोडतोय. नेव्हिगेशनचे निम्मे धडे अजून रेकॉर्ड व्हायचे आहेत.