आमची वाटचाल: सीसी, कॉम्प्रेशन आणि बूस्ट

सुरुवातीला आमच्याकडे एक लेथ, एक बोअरिंग मशीन आणि होनिंगची हत्यारं एवढंच होतं. झिजलेले सिलिंडर पुढच्या मापाला बोअर करायचे, नवे पिस्टन-रिंगा घालायच्या, हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, फेसिंग करायचं. इंजिन मूळ अवस्थेत आणून दिलं की काम झालं. पुढे गिऱ्हाइकं विचारू लागली, "ताकद वाढवून द्याल का?"

पहिलं टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, आम्ही फार हौसेने बांधलं. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मूळचंच, 10.5 ठेवलं आणि त्यावर 0.8 बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, दिला. महिन्याभरात गाडी निळा धूर सोडत परत आली. हेड उतरवलं तर तिसऱ्या पिस्टनची, वरच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली होती. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काळसर, चमकते ठिपके होते. पिस्टनचंच ॲल्युमिनियम होतं ते. ते इंजिन आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधलं, आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

कॉम्प्रेशन वाढवलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, आणि बूस्ट नसतानाही इंजिन हलकं, तरतरीत वाटतं. बूस्टमुळे हवा जास्त भरते, पण ती तापते. 20 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर 70 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे 110 अंशांवर बाहेर पडते. दाब दुप्पट, हवा मात्र जेमतेम दीडपट. म्हणून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर आम्ही काटकसर करत नाही. कॉम्प्रेशन असो की बूस्ट, दोन्हींचा खर्च एकाच खात्यावर पडतो: इंजिन नॉक होईपर्यंत, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके पडू लागेपर्यंत, हाताशी किती सवड आहे, ते खातं. पेट्रोलचा ऑक्टेन (नॉक रोखायची क्षमता) ठरलेला असला की एकाला दिलेलं दुसऱ्याकडून काढावंच लागतं.

कॉम्प्रेशन कमी करायला हेडखाली जाड गॅस्केट घाला, असं बरेच जण सुचवतात. आम्ही ते करत नाही. पिस्टनचा सपाट काठ आणि हेड यांच्यामधली फट साधारण 1 मिलिमीटर असली की मिश्रण जोरात मध्याकडे ढकललं जातं आणि ज्वाला लवकर पसरते. जाड गॅस्केटने ती फट वाढते, घुसळण मंदावते आणि इंजिन उलट नॉककडेच झुकतं. त्यापेक्षा खोलगट माथ्याचे पिस्टन घ्यावेत.

86 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढ्याच स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली चालीच्या) चार सिलिंडरी इंजिनात दर सिलिंडरला सुमारे 500 सीसी येतात. 10.5 कॉम्प्रेशनला पिस्टन वर असताना 52.6 सीसी जागा उरते, 9 ला 62.5. फरक दहा सीसीचा. एवढ्यावर पिस्टन जगतो की मरतो, म्हणून आम्ही ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची खुणांची काचनळी, विकत घेतली. हेडवर ग्रीस लावून ॲक्रिलिकची काच बसवायची आणि थेंबाथेंबाने प्रत्येक चेंबर मोजायचं. त्या कामात मला अजूनही आनंद होतो.

सीसी, म्हणजे सिलिंडरांचं आकारमान, वाढवणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग, पण तो लवकर संपतो. याच इंजिनात बोअर 1 मिलिमीटरने वाढवला तर जेमतेम 47 सीसी मिळतात, आणि पातळ झालेली भिंत तापल्यावर गोल राहत नाही. स्ट्रोक वाढवला तर पिस्टनचा वेग वाढतो. 86 च्या स्ट्रोकला 7000 आरपीएमवर सरासरी वेग सेकंदाला 20 मीटर असतो, आणि त्यापुढे पिस्टनच्या रॉडच्या बोल्टवर भरवसा ठेवायला मी बिचकतो.

आता काम घेण्याआधी मी हॉर्सपॉवर विचारत नाही. गाडी जास्त वेळ कुठल्या आरपीएमवर चालणार आणि कोणतं पेट्रोल मिळणार, हे विचारतो. काही कामं नाकारावी लागतात. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं, त्याचं वाईट वाटतं.

सध्या बेंचवर असलेलं इंजिन 9 कॉम्प्रेशन आणि 0.7 बारसाठी आहे. पिस्टन आलेत. वरच्या रिंगांचा गॅप (टोकांमधली फट) नेहमीपेक्षा जास्त, 0.45 मिलिमीटर ठेवायचाय, कारण तापून टोकं भिडली की कड पुन्हा तुटणार. उद्या चारही रिंगा एकेक करून घासायला बसणार आहे.