तुम्ही विचारलंत म्हणून: अंधारात हिरवी काच कशाला?

‘उजेड आधीच कमी, त्यात लेन्सपुढं हिरवा फिल्टर?’ जळगावापासून शहाद्यापर्यंत कॅमेरा बाळगणारा जो तो मला हेच विचारतो. हिशेब मलाही कळतो. एक्स-वन नावाचा हा हिरवा फिल्टर जवळपास दोन स्टॉप खातो, म्हणजे उजेडाचा चौथा हिस्साच आत येतो. माझ्या चारशे आयएसओच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर तीसचं शटर (सेकंदाचा तिसावा भाग) आठवर (आठवा भाग) येतं, आणि आठवर माणूस हललेला येतो.

तरी लावतो, ते कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवातल्या, एका रात्रीमुळे.

यावल तालुक्यातलं घर. नारळाच्या कानबाईला नथ घालून मांडलेलं, बायका गाण्यात रंगलेल्या, वर एकच पिवळा बल्ब. भिंतीला टेकून आजी बसलेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. उजेड वाया घालवू नये म्हणतात, तसा काच न लावता फोटो काढला. प्रिंट द्यायला गेलो. आजींनी ती डोळ्यांजवळ धरली, कपाळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “भाऊ, मन्हं कुकू कोठे शे?” आजोबा समोरच खाटेवर होते. सुनेनं प्रिंट हळूच काढून घेतली आणि फडताळात पालथी ठेवली. मला चहा दिला. फोटोबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा भरपूर असतो. आपली फिल्म तो सगळा टिपते, म्हणून लाल कुंकू कातडीइतकंच फिकट उतरतं. ओठांचंही तेच. हिरवी काच तांबडा अडवते, आणि कुंकू काळं, ठसठशीत येतं.

तेव्हाचा मी म्हणाला असता, एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढायच्या यंत्राखाली) कपाळाला जास्त उजेड दे, म्हणजे कागद तिथं काळा होईल. पण निगेटिव्हमध्येच कपाळ आणि कुंकू एका राखाडीत मिसळलं असेल, तर नुसता डाग पडतो. कॉम्प्युटरवर रंगीत फोटोतून हिरवं चॅनेल उचलता येतं, मान्य. मी फिल्मवर काम करतो.

खरी अडचण तुम्ही विचारतच नाही. गोंदण हिरवट-निळं असतं. हिरव्या काचेनं ते पुसट होतं, तांबडीनं उठून दिसतं, पण मग कुंकू जातं. आणि गेलेले दोन स्टॉप परत मिळवायला फिल्म सोळाशेला ढकलली, म्हणजे सोळाशेची समजून वापरली आणि जास्त वेळ डेव्हलप केली, तर हनुवटीखालची सावली कोरी काळी होते. म्हणून हल्ली आधी विचारतो, कुंकू हवं की गोंदण? बहुतेक जणी कुंकू म्हणतात. दोन्ही एकाच निगेटिव्हवर आणायची वाट मला सापडलेली नाही.

पांढऱ्या एलईडीखाली तांबडा कमी, तिथं काचेवाचूनही कुंकू बरंचसं टिकतं. पिवळा बल्ब असेल त्या घरात मात्र हिरवी काच चढवणारच, फोटो थोडा हलला तरी चालेल.